रिकामं चालणं

त्या दिवशी लिफ्ट बंद होती.

आमची जिम वर्ध्यात, आर्वी नाक्याकडे एका कॉम्प्लेक्सच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. खाली मोबाइलची दुकानं, पहिल्या मजल्यावर कोचिंग क्लास, दुसऱ्यावर दवाखाना आणि वर आम्ही. सकाळचे सव्वासहा. लिफ्टचं दार अर्धवट उघडून मेकॅनिक आत डोकं घालून बसला होता आणि बाहेर आम्ही पाच जण खांद्याला बॅगा अडकवून उभे होतो. "दहा मिनिटं," असं तो म्हणाला, म्हणून आम्ही दहा मिनिटं थांबलो. मग आणखी दहा. कोणी रील बघत होतं, कोणी शेकर हलवत होतं. जिना आमच्या डाव्या हाताला, सहा फुटांवर होता. त्याला दारही नाही.

आमच्यातल्या एकाचा त्या दिवशी 'लेग डे' होता. वर गेल्यावर तो वीस मिनिटं ज्या मशीनवर घालवणार होता त्याचं नाव स्टेअर क्लायंबर. म्हणजे जिनाच, फक्त तो कुठंही पोहोचत नाही.

हे लिहिताना त्याला हसणं सोपं आहे, पण रांगेत त्याच्या मागं मी होतो. मी घरून गाडीवर आलो होतो. माझ्या घरापासून जिम एक किलोमीटर दोनशे मीटर आहे. आकडा पक्का आहे, कारण ट्रेडमिलवर वॉर्मअप म्हणून मी साधारण तेवढंच चालतो. गाडी लिफ्टच्या जितकी जवळ लावता येईल तितकी लावली होती. आणि त्या वीस मिनिटांत जिन्यानं जावं हे माझ्या एकदाही मनात आलं नाही. ते खूप नंतर आलं, बाबांमुळे.

---

जिम मी हौसेनं लावलेली नाही. माझी कंपनी पुण्यात आहे आणि मी काम वर्ध्यातून, घरून करतो. खुर्ची, टेबल, दोन स्क्रीन. पलंगापासून ऑफिस अकरा पावलांवर. दूध दारात, किराणा दारात, कंटाळा आला तर समोसाही दारात. दोन वर्षांपूर्वी सहज म्हणून रक्त तपासलं तर एचबीए१सी ६.१ आला. ५.७ च्या पुढं गेलं की डॉक्टर त्याला प्री-डायबेटिस म्हणतात. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. घरी येऊन फोनमधलं हेल्थ ॲप पहिल्यांदा नीट उघडून पाहिलं. आदल्या रविवारची पावलं होती ४१२.

दिवसाला १०,००० पावलं हा आकडा आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलेला आहे. मी त्याचा उगम शोधला तेव्हा गंमत वाटली. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव होतं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. गोल, लक्षात राहणारा आकडा होता. तो विज्ञानातून आला नव्हता, नावातून आला होता. पण ४१२ कमी आहेत हे समजायला विज्ञान लागत नाही.

मग जिम लावली. सहा महिन्यांचे पैसे एकदम भरले म्हणजे जाणं होईल, या हिशेबानं. आणि जाणं झालंही. दीड वर्षात मी नव्वद किलो डेडलिफ्ट करायला लागलो, साखर खाली आली, शर्ट खांद्यात घट्ट झाले. म्हणून आधीच सांगतो, हा लेख जिमच्या विरोधात नाही. जिमनं माझं भलंच केलं. मला खटकतंय ते वेगळं आहे. दिवसातले तेवीस तास मी जे शरीरापासून काढून घेतो, तेच चोविसाव्या तासाला पैसे भरून परत विकत घेतो.

---

गेल्या वर्षी बाबांना हार्ट अटॅक आला.

आमचं गाव देवळी तालुक्यात आहे. पाच एकर कोरडवाहू-ओलिताची मिळून शेती, कापूस आणि तूर. बाबा एकसष्ट वर्षांचे. शेतकऱ्याला हार्ट अटॅक कसा येतो, असं मला कितीतरी जणांनी विचारलं. आयुष्यभर उन्हात राबलेला माणूस, अंगावर चरबी नाही. मलाही तेच वाटलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले. तंबाखू? बाबांनी माझ्याकडं बघितलं. दिवसाला चार-पाच खर्रे, तीस वर्षं. दुसरा प्रश्न, दिवसभर काय करता? बाबा म्हणाले, "वावर पायतो."

पण 'वावर पाहणं' म्हणजे आता काय, हे मला माहीत होतं. पाच एकरांपैकी तीन मक्त्यानं दिलेले. बैलजोडी विकून सात वर्षं झाली. वखरणी-पेरणी ट्रॅक्टरनं होते. पूर्वी निंदणाला आणि डवरणीला दिवसच्या दिवस जायचे, आता बरंचसं काम तणनाशकाच्या फवारणीवर भागतं आणि फवारायला माणूस सांगता येतो. वावर घरापासून दोन किलोमीटर, बाबा मोटारसायकलनं जातात, बांधावर उभं राहून बघतात आणि परत येऊन पानठेल्यावर बसतात.

आणि एक गोष्ट मी डॉक्टरांना सांगितली नाही.

शेतीची लाइट आमच्याकडे एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीत बाबा टॉर्च आणि काठी घेऊन वावरात जायचे, मोटर सुरू करायचे, लाइट गेली की थांबायचे, आली की परत सुरू करायचे. कधीकधी एका रात्रीत दोन चकरा. साप, रानडुकरं, चिखल. लहानपणी बाबा येईपर्यंत आई जागी असायची आणि आईमुळे मीही. म्हणून नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून मी बाबांना मोबाइल स्टार्टर बसवून दिला. मोटरच्या डब्यात सिमकार्ड असतं. घरून मिस्ड कॉल दिला की मोटर सुरू होते, दुसरा दिला की बंद, आणि लाइट आली-गेली की मेसेज येतो. त्या दिवशी बाबांनी गावात चार लोकांना घरी बोलावून फोन लावून दाखवला होता. "पोट्ट्यानं मले पलंगावर बसून ओलीत कराले लावलं," असं म्हणत हसले होते. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी तो एक आहे.

स्टार्टरमुळे हार्ट अटॅक आला असं मी म्हणत नाही. खर्रा होता, रक्तदाब होता, कर्जाचा घोर होता. पण डॉक्टर म्हणाले, "एक स्टेंट टाकलाय. आता खर्रा कायमचा बंद आणि रोज अर्धा-पाऊण तास चालायचं." तेव्हा मी मनात हिशेब केला. घर ते वावर दोन किलोमीटर, परतीचे दोन. डॉक्टर जे औषध म्हणून लिहून देत होते, नेमकं तेवढंच मी पहिल्या पगारातून काढून घेतलं होतं.

---

खर्रा बाबांनी सोडला. मोठ्या कष्टानं, चिडचिड करत, पण सोडला. चालणं मात्र जमेना.

फोनवर विचारलं की म्हणायचे, "हो, चाललो ना." मागून आईचा आवाज यायचा, "खोटं बोलून रायले तुये बाबा." एका शनिवारी मी गावी गेलो आणि पहाटे त्यांना उठवलं. अंगणात बूट घालून तयार झालो. बाबा खाटेवर बसूनच होते.

"चालाचं म्हंजे कुठी जाचं?"

"कुठी नाई. रोडनं जाचं, अर्ध्या तासानं वापस याचं."

"अन् तिथं काय काम हाय?"

"काम नाई बाबा. नुसतं चालायचं."

ते बराच वेळ गप्प राहिले. मग जे म्हणाले ते माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. "रिकामं चालाले लाज वाटते. लोक म्हनतीन, बुढ्याले काई काम नाई रायलं."

मी त्यांना समजावलं. आपण ज्या जिल्ह्यात राहतो तिथलंच उदाहरण दिलं. सेवाग्राम आमच्या गावाहून तासाभराच्या आत आहे. गांधीजींना शाळेत व्यायामाचा आणि क्रिकेटचा तास आवडत नसे, हे त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणानं लिहिलंय. पण चालायची सवय त्यांनी तेव्हाच लावून घेतली. लंडनला शिकताना भाड्याचे पैसे वाचवायला ते रोज आठ-दहा मैल चालत. ३० एप्रिल १९३६ ला ते वर्ध्याच्या मगनवाडीतून शेगावला राहायला गेले. त्या शेगावचंच नाव पुढं १९४० मध्ये सेवाग्राम झालं. तिथं सकाळ-संध्याकाळ फिरायला जाणं हा त्यांच्या दिवसाचा ठरलेला भाग होता. कोणाला त्यांच्याशी बोलायचं असेल तर त्यानं सोबत चालायचं.

"पाहा, गांधीजी पण रिकामे चालायचे," मी म्हणालो.

बाबा म्हणाले, "त्याईच्या मांगं लोक चालत ना. मांगं लोक असले का ते रिकामं नसते."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

---

पुढच्या आठवड्यात मी पवनारला गेलो. काम काही नव्हतं, डोक्यात बाबांचं वाक्य फिरत होतं एवढंच. वर्ध्याहून नागपूर रोडनं आठ-दहा किलोमीटर. धाम नदी, पलीकडे टेकाडावर आश्रम. अर्थात मी गाडीनंच गेलो.

विनोबा तिथं १९३८ मध्ये आले ते आजारी होते म्हणून. वजन ८८ पौंड, म्हणजे चाळीस किलो. मोठ्या माणसाचं चाळीस किलो! गांधीजींना काळजी वाटली, हवापालटाचा विषय निघाला, आणि विनोबांनी थंड हवेचं ठिकाण निवडण्याऐवजी पवनारचा जमनालाल बजाजांचा बंगला निवडला. तिथं त्यांनी खणायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी पाच मिनिटं. मग रोज थोडी थोडी वाढवत, मधे थांबत, दम घेत. काही महिन्यांत वजन चाळीसेक पौंडांनी वाढलं. आमचा ट्रेनर ज्याला 'प्रोग्रेसिव्ह ओव्हरलोड' म्हणतो तेच हे. फरक इतकाच की शेवटी जमीन खणून झालेली होती.

त्याहून जास्त मला आठवत राहतो तो पवनारचा रहाट. १९५० च्या सुमारास विनोबांनी आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू केला. पैशावाचून जगायचं. लागेल ते आपल्या श्रमातून उभं करायचं. बैल विकत घ्यायचे नाहीत, म्हणून विहिरीवरचा रहाट आश्रमातली माणसंच ढकलायची. गोल गोल फिरायचं, पाणी वर यायचं, भाजीला जायचं. पुढच्याच वर्षी, मार्च १९५१ मध्ये, विनोबा हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या संमेलनाला पायी निघाले. संमेलनानंतर तेलंगणात फिरताना १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूदानाची सुरुवात झाली. त्यानंतर तेरा वर्षं ते चालतच राहिले. चाळीस किलोचा माणूस.

रहाटापाशी विचार करताना मला एक दुसरं चाक आठवलं. गोल फिरणारी माणसं आपल्या इतिहासात आणखी एका ठिकाणी आहेत, अंदमानात. सेल्युलर जेलमध्ये राजबंद्यांना बैलाच्या जागी कोलूला जुंपायचे. दिवसाला ३० पौंड खोबरेल काढायचं. सावरकरांनी ते लिहून ठेवलंय, ते शाळेत असताना वाचून अंगावर काटा आला होता. स्नायूंना विचारलं तर कोलू आणि रहाट एकच. तेच गोल फिरणं, तोच घाम. पण एकाला आपण छळ म्हणतो आणि दुसऱ्याला साधना.

आणि तिसरं चाक आमच्या जिममध्ये आहे. ट्रेडमिलचा जन्मही तुरुंगातला. १८१८ मध्ये विल्यम क्युबिट नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं कैद्यांसाठी पायऱ्यांचं मोठं चाक तयार केलं. कैदी रांगेनं उभे राहून पाय टाकत राहायचे आणि चाक फिरत राहायचं. काही तुरुंगांत त्यावर धान्य दळायचे, पाणी उपसायचे. काही ठिकाणी ते कशालाच जोडलेलं नसे. कैदी नुसती हवा दळत. सक्तमजुरीच्या शिक्षेत ऑस्कर वाइल्डलाही ते चाक चालवावं लागलं होतं. हे अमानुष आहे असं ठरून १८९८ च्या कायद्यानं इंग्लंडनं ते मोडीत काढायला घेतलं.

त्याच नावाच्या यंत्रावर मी महिन्याला पैसे भरून चालतो. समोर टीव्ही, कानात हेडफोन आणि पट्टा विजेवर. मी हवाही दळत नाही. उलट मला चालवायला कुठंतरी कोळसा जळत असतो.

---

इथं थांबून 'बघा, जुनं किती छान होतं' असं लिहिता आलं असतं. मोह झालाही. पण मी त्या आधीच्या दिवाळीनंतर दोन दिवस कापूस वेचलाय, त्यामुळे ते लिहवत नाही.

वेचाईला बाया मिळत नव्हत्या, म्हणून आई म्हणाली, तूही चल. मी नव्वद किलो उचलणारा, जोरात गेलो. कमरेला फडकं बांधलं. पऱ्हाटी माझ्या कमरेइतकी, बोंडं त्याहून खाली, म्हणजे दिवसभर अर्धं वाकून. पहिला तास मजा आली. दुसऱ्या तासाला कंबर बोलायला लागली. वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला टोचतात, रक्त येतं, आणि पांढऱ्या कापसावर ते लगेच दिसतं. दुपारी बांधावर डबा खाताना माझे हात थरथरत होते. संध्याकाळी वजन झालं. माझा कापूस अकरा किलो. माझ्या शेजारच्या तासात वेचणाऱ्या, आईच्या वयाच्या मावशीचा माझ्या तिपटीहून जास्त. ती म्हणाली, "पहिल्या दिवशी एवढा बी लई झाला, बावा." तिनं हे मनापासून म्हटलं, म्हणून जास्त लागलं.

पण मग ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून, दोनदा प्रयत्न करून उठली. कामानं कमावलेलं शरीर असतं तसं कामानं मोडलेलंही असतं. जिममध्ये मी सहा सेट मारले की दोन दिवस त्या स्नायूला विश्रांती देतो. प्रोटीन घेतो. तिला विश्रांतीचा दिवस नसतो, आणि तिच्या डब्यात भाकर आणि ठेचा होता. तिला कोणी वरून मोजून 'फॉर्म चुकतोय' असं सांगत नाही. विनोबांनी रहाट ढकलला तो ठरवून ढकलला, आणि नको वाटलं असतं त्या दिवशी तो सोडून देऊ शकले असते. तिला तसं सोडता येत नाही.

माझी आई लग्न होऊन आली तेव्हा घरात जातं होतं. आज ते अंगणात तुळशीजवळ पडलंय. शहरातून आलेल्या मित्रांना त्याचे फोटो काढावेसे वाटतात. मी एकदा आईला म्हणालो, जात्यावर दळणं हा हातांना किती चांगला व्यायाम आहे, सगळे सांगतात. आई म्हणाली, "मंग त्याईलेच दळाले लाव." गावात चक्की आली त्या दिवसाबद्दल ती अजून सणाबद्दल बोलावं तशी बोलते.

बाबा हायस्कूलला रोज सहा किलोमीटर चालत जायचे, अनवाणी. मी बारावीत गेलो तेव्हा त्यांनी कापसाच्या पैशातून सेकंडहँड मोटारसायकल घेतली. नंतर कळलं, त्या वर्षी आईचे कानातले गहाण होते. "पोट्ट्याले चालाचं काम नाई पडलं पायजे," असं ते म्हणाले होते. मला चालावं लागू नये हे त्यांच्या आयुष्यातलं एक ध्येय होतं आणि ते त्यांनी पुरं केलं. मग मी कमावता झालो आणि त्यांना चालावं लागू नये म्हणून स्टार्टर बसवला. आम्ही दोघांनी एकमेकांवर जे प्रेम केलं ते एकमेकांची पावलं कमी करून केलं. आणि आता दोघांनाही डॉक्टरनं चालायला सांगितलंय.

म्हणून 'आजकालची पिढी आळशी' हे वाक्य मला पटत नाही. जो आळस तुम्हाला माझ्यात दिसतो, तो कोणीतरी राबून, दागिने गहाण ठेवून माझ्यासाठी विकत घेतलेला आहे. आणि एकटा मीच नाही. २०२४ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आलेल्या अभ्यासानुसार भारतातली जवळपास निम्मी प्रौढ माणसं पुरेशी हालचाल करत नाहीत, आणि बायकांमध्ये हे प्रमाण पुरुषांहून जास्त आहे. निम्मा देश एकाच वेळी आळशी कसा होईल? आपण घरातलं, वावरातलं, रस्त्यावरचं प्रत्येक काम एकेक करून सोपं करत गेलो, आणि प्रत्येक वेळी ते करणं बरोबरच होतं. बेरीज तेवढी कोणी केली नाही.

---

ही बेरीज पहिल्यांदा नीट मांडणाऱ्यांपैकी एक होते जेरी मॉरिस. लंडनचे डॉक्टर. त्यांचा अभ्यास १९५३ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. लंडनच्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर त्यांनी तपासले. दोघं एकाच बसवर, एकाच वर्गातले. पण ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर तिकिटं फाडत जिना वर-खाली करणारा. हार्ट अटॅकचं प्रमाण कंडक्टरांमध्ये कमी निघालं. पुढं त्यांनी आणखी एक गंमत केली. दोघांच्या गणवेशाच्या पँटचे माप काढले. ड्रायव्हरांची कंबर नोकरी लागतानाच मोठी होती. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देऊन चालणार नव्हतं. आपल्याच निष्कर्षाला असं तपासून पाहणारा माणूस मला आवडला. तरी व्यायामाच्या विज्ञानाची एक मोठी वाट त्या बसच्या जिन्यावरून सुरू झाली हे खरं.

मला त्यातलं वेगळंच काहीतरी लागलं. तो कंडक्टर व्यायाम करत नव्हता. तो तिकीट द्यायला वर जात होता. त्याला रोज सकाळी उठून स्वतःला पटवावं लागत नव्हतं, ॲपची रिंग पूर्ण करावी लागत नव्हती. वर प्रवासी होता, म्हणून जिना होता.

बाबा खाटेवर बसून हेच म्हणत होते. तिथं काय काम हाय?

मी जिमसाठी सहा महिन्यांचे पैसे आधी भरतो तेही खरं तर काम तयार करण्यासाठीच. पैसे भरले, आता जावंच लागेल. मला कारण विकत घ्यावं लागतं, बाबांना ते विकत मिळत नाही, एवढाच आमच्यातला फरक.

---

तोडगा आईनं काढला. तिनं बाबांना सांगितलं, स्टार्टरचा काही भरवसा नाही. मेसेज येतो मोटर चालू म्हणून, पण पाणी पडते का नाई कोनाले माहीत. पाईप फुटला असन, डुकरानं नळी चावली असन. जाऊन पायत जा.

हे अगदी खोटं नाही. रानडुकरं ड्रिपच्या नळ्या चावतातच. पण आईनं ते मुद्दाम, गाडीची किल्ली स्वतःच्या पदराला बांधून सांगितलं होतं.

आता बाबा सकाळी घरून मिस्ड कॉल देऊन मोटर सुरू करतात आणि मग पायी दोन किलोमीटर जाऊन ती सुरू झाली का ते बघतात. हातात विळा असतो. विळ्याचं तिथं रोज काम नसतं, पण हातात विळा असला की रस्त्यात कोणी 'कुठी चालले गा?' विचारलं तर सांगायला लाज वाटत नाही. पाणी बघतात, बांधावर थोडं बसतात, परत येतात. एवढ्यात सहा महिने झाले. मागच्या तपासणीला डॉक्टर खूश होते. त्यांनी विचारलं, रोज वॉकिंग करता? बाबा म्हणाले, "नाई जी. वावरात जातो."

गावी असलो की मीही त्यांच्यासोबत जातो. माझ्या हातात काही नसतं, त्यामुळे पहिल्या दिवशी रस्त्यातल्या दोघांनी मला विचारलंच. दुसऱ्या दिवशी निघताना बाबांनी न बोलता एक रिकामी पाण्याची कॅन माझ्या हातात दिली.

वर्ध्यात जिम चालू आहे. लिफ्ट त्याच दिवशी दुरुस्त झाली. आता मी बहुतेक वेळा जिन्यानं जातो. बहुतेक वेळा. पावसाळ्यात जिन्यात पाणी साचतं, शिवाय लेग डेला उतरताना लिफ्ट बरी वाटते. गाडी घरी ठेवून चालत जायचा प्रयत्न महिनाभर केला. रस्त्यात ओळखीचे लोक गाडी थांबवून विचारायचे, "काऊन बे, गाडी बिघडली का?" आणि मागं बसायला सांगायचे. तिसऱ्यांदा मी एकाच्या मागं बसलो. चौथ्यांदापासून खांद्याला भाजीची पिशवी अडकवायला लागलो. येताना खरंच भाजी आणतो.

परवा सकाळी मी ट्रेडमिलवर असताना बाबांचा फोन आला. धापा टाकतच उचलला.

"काय करून रायला?"

"चालून रायलो," मी म्हणालो.

"कुठी?"

मी समोरच्या आकड्याकडं बघितलं. १.२ किलोमीटर. "इथंच," म्हणालो.

ते हसले. मग म्हणाले, "पानी बरोबर पडून रायलं. आत्ताच पायलं."

मोटर चालू झाल्याचा मेसेज मला वीस मिनिटांपूर्वीच आला होता, कारण त्या स्टार्टरमध्ये माझाही नंबर आहे. मी म्हणालो, "बरं झालं बाबा, पायलं ते."